ढोकळ्यावरचे लाल ठिपके आणि गेलेला एक गुण

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की रासायनिक अभिक्रिया बघायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी पुरते. त्याची फळं या महिन्यात भोगते आहे. एकोणीस पत्रं आली. एका ताईंनी तर पुराव्यादाखल डब्यातून ढोकळाच धाडला. तो वाटेत तीन दिवस फिरला, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचेतो त्यात आणखी दोन-चार अभिक्रिया उरकल्या होत्या. डबा उघडला तसाच मिटला. ताई, धुऊन परत पाठवला आहे.

नव्या वाचकांना एवढंच सांगते, की मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत ३२ वर्षं विज्ञान शिकवलं. आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक स्पिरिटचा दिवा आणि तोंड फुटलेल्या परीक्षानळ्यांचा खोका. माझी उत्तरं तिथूनच येतात.

बाई, घटक चाचणीत विचारलं होतं, ‘मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवल्यास कोणत्या प्रकारची अभिक्रिया होते?’ मी ‘रेडॉक्स’ लिहिलं. सरांनी काट मारून शेजारी ‘विस्थापन’ लिहिलं. एक गुण गेला. माझं उत्तर खरंच चूक होतं का?
– इयत्ता दहावीतली एक मुलगी, विटा

नव्हतं. पण सरांवर रागावू नकोस. पुस्तकात तो प्रयोग विस्थापनाखाली दिलाय, आणि तपासणाऱ्याच्या पुढ्यात साठ पेपर आणि एक रात्र असते. असल्या काटा मीही मारल्यात.

आधी तो खिळा नीट बघू. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी दुकानातून आणलेले खिळे पुडीतून काढून थेट मोरचुदाच्या पाण्यात सोडले. चाळीस मुलं माना उंचावून बसली. तास संपला तरी काही घडेना. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “बाई, खिळ्याला भूक नाही.” भूक होती, पण अंगावर तेलाचा थर होता. कारखान्यातून येताना खिळ्याला गंज लागू नये म्हणून तेल लावतात, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरनं घासून टाकले आणि दहा मिनिटांत खिळ्यांना तांबूस अंगरखा चढला. अर्ध्या तासानं निळं पाणी फिकट, हिरवट दिसायला लागलं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात तांबं सल्फेटच्या सोबतीनं पाण्यात असतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते येतं, सल्फेटजवळची जागा घेतं आणि तांब्याला बाहेर काढतं. बाहेर पडलेलं तांबं खिळ्यावरच बसतं. एकानं दुसऱ्याला जागेवरून उठवलं, म्हणून विस्थापन. सरांचं उत्तर हे.

आता तीच घटना आणखी जवळून बघ. लोखंडाच्या अणूनं दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि तो द्रावणात गेला. तांब्याच्या आयनानं (म्हणजे द्रावणातल्या, दोन इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूनं) ते दोन घेतले आणि तो धातू होऊन खिळ्यावर बसला. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही एकाच वेळी घडतात, कारण घेणारा असल्याशिवाय देणार कुणाला? ते रेडॉक्स. तुझं उत्तर हे.

माझा भाऊ माझ्या मुलांचा मामा, त्याच्या पुतण्यांचा काका आणि गावातल्या सोसायटीचा चेअरमन. ‘हा माणूस कोण?’ या प्रश्नाला मुलानं ‘मामा’ लिहिलं आणि पुतण्यानं ‘काका’, तर काट कुणाला मारायची? अभिक्रियांचे प्रकार पाठ करताना आपण हे विसरतो. प्रकारांच्या वह्या तीन आहेत. पहिल्या वहीत मांडणीची नोंद असते: दोघं मिळून एक झाले तर संयोग, एकाचे तुकडे झाले तर अपघटन, एकानं दुसऱ्याला उठवलं तर विस्थापन, दोन जोड्यांनी जोडीदार बदलले तर दुहेरी विस्थापन. दुसऱ्या वहीत इलेक्ट्रॉनची देवघेव झाली का ते लिहायचं. तिसरीत उष्णता बाहेर आली की आत घेतली गेली, म्हणजे उष्मादायी की उष्माग्राही. एकाच घटनेची नोंद तिन्ही वह्यांत करता येते. शाळेत मात्र तिन्ही वह्या एकाच यादीत शिवून टाकतात आणि मग मुलं विचारतात, ‘नक्की कोणती?’

धातूनं धातूला उठवलं की इलेक्ट्रॉन हलतातच, म्हणून असं विस्थापन नेहमी रेडॉक्स असतं. दुहेरी विस्थापनात नुसते जोडीदार बदलतात, इलेक्ट्रॉन ज्याचे त्याच्यापाशी राहतात. दोन्ही एकाच बादलीत बघायच्या असतील तर आमच्याकडे द्राक्षबागेत ये.

पावसाळ्यात वेलींवर केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून भाऊ बोर्डो मिश्रण फवारतो. १ टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद, १ किलो चुना. प्लॅस्टिकच्या दोन पिंपांत दोन्ही वेगवेगळं कालवायचं आणि मग ढवळत ढवळत एकत्र करायचं. मोरचुदातलं तांबं चुन्यातल्या हायड्रॉक्साइडकडे जातं, आणि चुन्यातलं कॅल्शियम जातं मोरचुदातल्या सल्फेटकडे. जोडीदार बदलले. बादलीत आकाशासारखा निळा, न विरघळणारा गाळ तयार होतो, त्याला अवक्षेप म्हणतात. तो पानावर चिकटून बसतो आणि बुरशीला रोखतो.

आता गंमत. चुना जुना असेल किंवा कमी पडला असेल तर थोडं तांबं मोकळंच राहतं आणि त्यानं पानं करपतात. ते ओळखायला भाऊ काय करतो? स्वच्छ विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून थोडा वेळ थांबतो. पात्यावर तांबूस थर आला, की म्हणतो, “अजून चुना पाहिजे.” नाही आला, की पंप भरायचा. तुझ्या चाचणीतला खिळा तोच. दहावी नापास माणूस रोज सकाळी विस्थापनाची अभिक्रिया लावून दुहेरी विस्थापन पुरं झालं का ते तपासतो. (लोखंडी बादली का चालत नाही, हे आता तुझं तू सांग.)

हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या द्राक्षमळ्यांतून आलं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडत, म्हणून तिथले मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. द्राक्षं विषारी वाटावीत एवढाच हेतू. १८८२ साली बोर्डो विद्यापीठातल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की बाकी मळा केवड्यानं झडलाय आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. प्रयोग करून १८८५ साली त्यानं ते जाहीर केलं. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.

पुढच्या वेळी पेपरात ‘विस्थापन, म्हणून रेडॉक्सही’ असं लिही. मग काट मारायला सरांना पेन उचलवणार नाही.

ढोकळा उत्तम फुगतो, पण मधूनच लाल-तपकिरी ठिपके दिसतात. जाऊबाई म्हणतात, पीठ जुनं. मी म्हणते, हळद भेसळीची. कोण बरोबर?
– एक गृहिणी, डोंबिवली

दोघीही नाही. पीठ आणि हळद निर्दोष आहेत. सोड्याची गुठळी राहिली आहे.

खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दोन वाटांनी फुगवतो. ताक किंवा लिंबू असेल तर आम्ल आणि सोडा यांची गाठ पडते, दोघांचा स्वभाव मोडतो (उदासिनीकरण ते हेच) आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. आम्ल संपलं आणि सोडा उरला, तर तो वाफेच्या उष्णतेनं आपणच मोडतो. ते अपघटन. त्यातही बुडबुडे निघतात, पण हिशेब निम्म्यावर येतो. आम्लाबरोबर सोड्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू देतो. नुसत्या उष्णतेनं तेवढाच मिळवायला दोन रेणू खर्ची पडतात. वर मागे राहतं सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. साबणासारखी चव त्याची.

आणि हळद ही दर्शक आहे. आम्लात पिवळी, अल्कलीत लाल. धुण्याच्या सोड्याइतकं अल्कधर्मी काही भेटलं की ती लगेच चुगली करते. जिथे सोड्याची गुठळी तिथे लाल ठिपका. पिवळ्या डागावर साबण लावल्यावर तो लाल होतो, तोही याच कारणानं. करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीला क्षार लागला की लाल होते, हे ज्ञान कुंकू करणाऱ्यांकडे रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या फार आधीपासून होतं.

खात्री करायची तर ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाका, पिवळा होईल. म्हणजे हा बदल उलटवता येतो. ‘रासायनिक बदल कधीच उलटत नाही’ असं मुलांना घोकायला लावणाऱ्यांनी हा ढोकळा जरूर खावा.

उपाय: सोडा चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवून मगच पिठात घाला, लिंबू थोडं वाढवा, हळद हात आखडून. फ्रूट सॉल्टमध्ये आम्ल आणि सोडा बरोबरच असतात, म्हणून त्यात हा घोळ कमी होतो. जाऊबाईंना माझा नमस्कार.

माझी जोडवी महिनाभरात काळी पडतात. सासूबाई म्हणतात, तुझ्या अंगात उष्णता फार. नणंदेची मात्र पांढरी शुभ्र. हे खरं का?
– मिरजेहून

तुमच्या आणि नणंदबाईंच्या पायाच्या बोटांत जोडवी काळी करण्याइतका तापमानाचा फरक असता तर एकीला दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

चांदी काळी पडते ती गंधकानं. हवेत अगदी किंचित हायड्रोजन सल्फाइड असतो, घामातही गंधकाची संयुगं असतात. चांदी त्यांच्याशी संयोग पावते आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. कुणाला घाम जास्त, कुणाच्या घामाची जात वेगळी, कुणी दिवसभर पाण्यात, कुणी बंद बुटात. शिवाय जोडवी करताना चांदीत तांबं किती घातलं, हेही आलंच. एवढं पुरतं. रबरबँड लावून ठेवलेलं पैंजण रबराच्या रेषेवर काळं होतं, कारण रबरात गंधक असतो. रबरबँडच्या अंगात कुठली उष्णता?

काळेपणा काढायला बहुतेक जणी टूथपेस्टनं घासतात. त्यात सल्फाइड जातं आणि त्याच्याबरोबर थोडी चांदीही. त्यापेक्षा हे करा: एका चिनीमातीच्या किंवा काचेच्या भांड्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर जोडवी ठेवा, चमचाभर खायचा सोडा आणि चमचाभर मीठ टाका आणि कढत पाणी ओता. जोडवी फॉइलला टेकलेली हवीत. दोन-चार मिनिटांत उजळतात. किंचित कुजक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, तो गंधक निघाल्याची खूण. अॅल्युमिनियम चांदीपेक्षा क्रियाशील, तेव्हा इलेक्ट्रॉन तो देतो, चांदी घेते आणि पुन्हा धातू होऊन जोडव्यावरच राहते. विट्याच्या मुलीचा खिळा पुन्हा भेटला की नाही?

खडे, मोती किंवा मुद्दाम काळे केलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने यात टाकू नका. त्या दागिन्यांचं नाव तेवढं ऑक्सिडाइज्ड, काळा थर बहुतेक वेळा सल्फाइडचाच असतो. नक्षीतला काळेपणा उतरला की दागिना ओळखू येणार नाही आणि शिव्या मला बसतील.

मुलाला समीकरणं संतुलित करायला शिकवतोय. पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या खाली २ लिहिलं की सगळं पटकन जुळतं, पण उत्तरसूचीत चूक दाखवतात. नियम पाठ आहे, कारण समजत नाही.
– एक बाबा, मस्कत

कोल्हापुरी चपलांचा विचार करा. एका जोडात दोन चपला. तुम्हाला चार चपला हव्यात तर दोन जोड मागवा. एका जोडात चार चपला शिवून द्या म्हणालात, तर चांभार तुमच्या पायांकडे बघेल. सूत्राच्या पुढचा आकडा म्हणजे जोड किती. खालचा छोटा आकडा म्हणजे एका जोडात काय काय. तो बदलला की वस्तूच बदलते. पाण्याच्या ‘ओ’खाली २ लिहिलंत तर ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर ओतल्यावर फसफसतं ते.

आणि जुळवायचं का, तर अणू कुठे जात नाहीत म्हणून. लाव्हाझिए या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात अभिक्रिया बंद भांड्यात घडवल्या, आधी आणि नंतर वजनं केली. भरलेलं सगळं परत मिळालं. तो पेशानं कर वसूल करणाऱ्या कंपनीतला भागीदार होता, पैन् पैचा ताळा लावायची सवय कदाचित तिथलीच. त्याच करवसुलीपायी ८ मे १७९४ रोजी क्रांतिकारकांनी त्याला गिलोटीनवर चढवलं. मुलाला समीकरणाऐवजी किराण्याची पावती द्या आणि ताळा लावायला सांगा. आकडेमोड तीच आहे.

माझं वय ७८. लहानपणी दिवाळीआधी आम्ही पिंपात कळीचा चुना भिजवत असू. विस्तवाशिवाय पाणी खदखदायचं. तोच चुना भिंतीवर लागला की दगड होतो. एकाच वस्तूची ही दोन रूपं कशी?
– एक निवृत्त टपाल कर्मचारी, वाई

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या माहेरीही असंच पिंप असायचं आणि आम्हा मुलांना दहा पावलं लांब उभं करायचे. एका वर्षी काकांनी हौसेनं नवीन प्लॅस्टिकची बादली घेतली आणि तिच्यातच चुना भिजवला. बादली पार वाकडी झाली. घरात पुढं कितीतरी वर्षं ती ‘काकांची बादली’ म्हणून कोळसे ठेवायला वापरली.

चुन्याची रूपं दोन नाहीत, तीन आहेत, आणि तुम्ही आम्हाला शेवटचा अर्धा प्रवास सांगितलात. पहिला अर्धा भट्टीत होतो. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवली की फुटते: कळीचा चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. हे अपघटन. आणि ते उष्णता पितं, म्हणून भट्टीला कोळसा घालत राहावा लागतो. कोकणात आणि गोव्यात चुनखडीऐवजी शिंपले भाजत. शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटच.

१०० किलो शुद्ध चुनखडी घेतली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो, ४४ किलो वायू होऊन उडतो. भाजलेली कळी हाताला हलकी लागते ती त्यामुळे.

पिंपात काय होतं? ते ५६ किलो १८ किलो पाण्याशी संयोग पावतात आणि ७४ किलो विझवलेला चुना होतो. भट्टीत प्यायलेल्या उष्णतेतला वाटा इथे बाहेर पडतो, उरलेलं पाणी त्यानं उकळतं. बाहेरून विस्तव लागत नाही, कारण विस्तव भट्टीवाल्यानं आधीच आत भरून ठेवलेला असतो.

आणि भिंत? ओला चुना आधी सुकतो, मग महिनोन्महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत राहतो. ७४ किलो चुना ४४ किलो वायू परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे चुनखडीच. भट्टीतून उडून गेलेलं सगळं भिंत हवेतून वसूल करते. (मस्कतच्या बाबांनी ही बेरीज मुलाला द्यावी.) जाड भिंतीत हे वरून आत सरकतं, खोलवर पोचायला वर्षानुवर्षं जातात. आपल्या गडांवर चुन्याचे घाणे दिसतात, गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. तिथे बैल चुना मळायचे. त्या तटबंदीच्या सांध्यांत चुन्याचा पुन्हा दगड झालेला आहे.

घरी बघायचं तर पानाच्या चुन्यात पाणी घालून ढवळा, निवळू द्या, वरची निवळी पेल्यात घ्या आणि नळीनं फुंकर मारा. दुधाळ होते. फुंकतच राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं विरघळणारं बायकार्बोनेट तयार होतं. ते पाणी उकळलं की परत पांढरं. तुमच्या गीझरच्या कॉइलवर जो थर बसतो ना, तो असाच.

नातवंडं घरात असतील तर चुन्याच्या नळ्या आणि पुड्या उंचावर ठेवा. दाबली की पिचकारी थेट डोळ्यात जाते. गेलीच तर डोळा वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. तूप-मध काही घालायचं नाही.

पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना नवसागराचा जो पांढरा लोट उठतो, तो विषारी का?
– कराडहून

नाकाला झोंबतो, जवळून हुंगू नये, आणि दम्याच्या माणसानं तर लांबच बसावं. पण तो लोट बघण्यासारखा आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या पातेल्यावर पडला की तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो. हायड्रोजन क्लोराइड पितळेवरचा काळपट ऑक्साइड खाऊन टाकतो, म्हणून मग कथील चकचकीत पसरतं (कथील २३२ अंशांनाच वितळतं). वर गार हवेत तेच दोन वायू पुन्हा भेटतात आणि परत नवसागराचे कण होतात. तो पांढरा लोट. खाली अपघटन, हातभर वर संयोग. कल्हईवाला भाता मारतो आणि पुस्तकातली दोन पानं एकदम उलटतात.

कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवून कळकवू नका, आणि कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे त्याला विचारून घ्या.

संडासाचं भांडं ऍसिडनं नीट निघत नाही. त्यातच टीसीएल पावडर टाकली तर?
– नाव दिलेलं नाही

नको. कधीच नको. ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र इथे सैनिकांवर सोडला तोच. दार लावलेल्या चार फुटी संडासात तो तुमच्यावर सुटेल. एक वापरा, पाण्यानं पुरतं धुऊन टाका, दुसरं दुसऱ्या दिवशी. चुकून झालंच तर काही आवरत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

गंज लागल्यावर लोखंड मरतं का?
– इयत्ता पाचवी, मालवण

पत्रात एवढं एकच वाक्य होतं, खाली होडीचं चित्र होतं आणि होडीचा नांगर तपकिरी रंगवला होता. सगळ्या पत्रांत मला हे आवडलं.

मरत नाही रे. लोखंड जमिनीतून निघतं तेव्हा ते ऑक्सिजनला धरूनच बसलेलं असतं. तुमच्या जिल्ह्यात रेडीला खाण आहे, तिथली लाल माती पाहिली असशील. भट्टीत कोळशानं त्याचा ऑक्सिजन काढून घेतला, तेव्हा कुठे तुझ्या होडीचा नांगर झाला. गंज लागतो म्हणजे लोखंड ऑक्सिजनला पुन्हा जाऊन धरतं, जाताना थोडं पाणीही सोबत घेतं. म्हणून गंज धरून ठेवला, एक कणही सांडू दिला नाही, तर वजन वाढलेलं दिसतं.

आता तू माझं एक काम कर. औषधाच्या चार छोट्या रिकाम्या बाटल्या धुऊन कोरड्या कर. पहिलीत खिळा आणि थोडं नळाचं पाणी. दुसरीत खिळा आणि नव्या बुटांच्या खोक्यात येते ती पांढऱ्या मण्यांची पुडी, बूच घट्ट. तिसरीत आईकडून उकळून घेतलेलं पाणी काठोकाठ, वर खोबरेल तेलाचा थर. चौथी बाटली मला तासगावात करता येत नाही, तिच्यात तुझ्या समुद्राचं पाणी घाल. आठ दिवस हलवू नकोस. नवव्या दिवशी चारही बाटल्यांची चित्रं काढून पाठव, रंग भरून. आणि खिळे आधी पॉलिश पेपरनं घास, नाहीतर वर्गातली मुलं म्हणतील की याच्या खिळ्यांना भूक नाही.